मणक्यातलं पाणी काढायचं म्हणतात: नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

मेंदूविकारांच्या वॉर्डात सहीसाठी कागद पुढे केला की जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं त्याच वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरची आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

एलपी म्हणजे नेमकं काय करतात?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती आवरणं असतात आणि त्या आवरणांच्या आत एक पातळ, रंगहीन द्रव सतत फिरत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, बाकी सगळे मणक्यातलं पाणी. कमरेच्या खालच्या भागात दोन मणक्यांमधल्या फटीतून बारीक सुई घालून त्यातलं थोडं पाणी थेंबाथेंबाने बाटल्यांत घेतात. हेच लंबर पंक्चर, म्हणजे एलपी. स्पायनल टॅप असंही नाव तुमच्या वाचनात आलं असेल, ते याचंच.

पाणी काढल्यावर मेंदू कोरडा पडणार नाही का?

नाही. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार करतं. तपासणीला लागतं १० ते १५ मिली. एवढी तूट तासाभरात भरून निघते. लहान मुलांचं त्यांच्या वजनाच्या मानाने कमी घेतात.

सुई मज्जारज्जूला लागली की पाय लुळे पडतात म्हणतात. खरं आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि भीती रास्त आहे. पाठीच्या कण्यात कुणी सुई घालतंय म्हटल्यावर घाबरणार नाही असा माणूस विरळाच.

पण मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून, म्हणजे मज्जारज्जू संपल्यानंतर चांगली खाली. त्या जागी पायांकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा पाण्यात सुटा तरंगत असतो, पातेल्यातल्या पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखा. सुई आली की नस बाजूला सरकते. कधी एखादीला स्पर्श झालाच तर पायात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. सुई जरा मागे घेतली की ती जाते.

जागा शोधण्याची रीत तुम्ही स्वतःवर करून बघू शकता. दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांना कमरेच्या हाडांची वरची कड लागेल. दोन्ही कडा जोडणारी आडवी रेघ पाठीवर मनाने ओढली की ती चौथ्या मणक्याच्या आसपास येते. डॉक्टर अंगठ्याने चाचपून हेच करतात. नवजात बाळात मज्जारज्जू थोडा आणखी खाली, तिसऱ्या मणक्यापर्यंत येतो, म्हणून बाळांमध्ये जागाही त्या हिशेबाने खालची निवडतात.

लुळेपणा कधीच येत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. कण्याच्या पोकळीत रक्ताची गाठ होऊन नसा दाबल्या जाणं हा धोका आहे, पण अत्यंत दुर्मीळ, आणि मुख्यतः रक्त न गोठणाऱ्या पेशंटमध्ये. त्यासाठीच आधी प्लेटलेट आणि गोळ्यांची चौकशी होते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आमच्या गावात एकाचं पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग?

ही गोष्ट जवळपास प्रत्येक गावात आहे, आणि ती बहुतेक वेळा खरीही असते. पाणी काढलं होतं आणि माणूस गेला, दोन्ही घडलेलं असतं. त्यातलं कशामुळे काय झालं, हा जोड मात्र आपण नंतर लावतो.

एलपी कुणाची होते ते बघा. ताप डोक्यात गेलेला, शुद्ध हरपलेली, फिट येत असलेल्या माणसाची. जिवाणूंचा मेंदूज्वर उपचार मिळूनही माणसं नेतो. मेंदूचा टीबी उशिरा कळला तर जीव वाचला तरी एक बाजू लुळी पडू शकते, नजर जाऊ शकते. चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर (नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली हा विषाणू पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव) धडधाकट पोराला एक-दोन दिवसांत बेशुद्ध करतो. अशा आजाराच्या ऐन भरात पाण्याची तपासणी होते. पुढे काही वाईट झालं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची ठळक गोष्ट उभी राहते ती पाठीतली सुई. मेंदूत काय चाललं होतं ते कुणालाच दिसलेलं नसतं.

मला याचा खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. या गोष्टीमुळे पुढचं घर दोन दिवस नकार देतं, तेवढ्यात आजार पुढे सरकतो, शेवटी एलपी होते ती फार उशिरा, आणि गावात आणखी एक गोष्ट तयार होते.

एमआरआय करा, रक्त तपासा. पाणीच कशाला?

एमआरआय मेंदूचा आकार, सूज, गाठ दाखवतो. आवरणांना दाह झाला आहे हेही बऱ्याचदा सांगतो. पण तो दाह जिवाणूंचा, टीबीचा, विषाणूचा की बुरशीचा, हे फोटोवरून नक्की सांगता येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पक्का अडसर असतो, त्यामुळे रक्ताचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल आणि मणक्याच्या पाण्यात पू, असंही घडतं. जंतू जिथे आहे तिथलाच नमुना लागतो.

आणि या चार कारणांची औषधं पूर्ण वेगळी. जिवाणूंना दहा-चौदा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. टीबीला नऊ महिने ते वर्षभर गोळ्या, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइड. नागीण वर्गातल्या विषाणूने मेंदूवर हल्ला केला असेल तर असायक्लोव्हिर. बुरशीला आणखी निराळंच. पाणी न तपासता औषध द्यायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

मेंदूज्वर सोडून आणखी कशाकशासाठी करतात?

पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा अनेक घरांनी एलपी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. २०० हून अधिक संशयित रुग्ण, दूषित पाण्याचा संशय, पायांपासून वर चढणारा अशक्तपणा. या आजारात मणक्याच्या पाण्यातलं प्रथिन वाढतं आणि पेशी मात्र नॉर्मल राहतात. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या पाण्यात नेमकं हेच पाहिलं होतं, आणि आजही आपण तेच शोधतो. एक गोम आहे: पहिल्या आठवड्यात हे प्रथिन वाढलेलं नसूही शकतं. 'पाणी नॉर्मल आलं, तरी डॉक्टर जीबीएसच म्हणतात' अशी तक्रार तेव्हा बरीच ऐकू आली. त्यात डॉक्टरांचं चुकलेलं नसतं.

अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी झाली आणि सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, तर मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता का हे पाण्यावरून कळतं. जुनं रक्त मिसळलेल्या पाण्याला पिवळसर झाक येते. ती यायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर कधी कधी दुखणं सुरू झाल्यापासून १२ तास होईपर्यंत थांबतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस आणि स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला हल्ला यांचे पुरावेही याच पाण्यात सापडतात. दुसऱ्या प्रकारात चांगली शिकतीसवरती मुलगी अचानक बडबडायला, घाबरायला लागते. घरचे बाधा झाली म्हणून देवऋष्याकडे किंवा वेड लागलं म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. पाण्यात मेंदूवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या की उपचार होतात आणि अशा कितीतरी मुली पुन्हा कॉलेजला जाऊ लागतात.

पाणी काढणं हाच उपचार, असंही असतं का?

असतं. काही स्थूल तरुण स्त्रियांमध्ये या पाण्याचा दाब वाढतो, डोकं दुखतं, वाकलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. तिथे दाब मोजायचा आणि पाणी काढून तो उतरवायचा, दोन्ही एकाच सुईत होतं. ही तात्पुरती सोय. पुढे गोळ्या आणि वजन कमी करणं आलंच.

म्हातारपणी पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसराळूपणा हे तिन्ही एकत्र आले, आणि स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, तर ३० ते ५० मिली पाणी काढून बघतात. आजोबांना कॉरिडॉरमध्ये आधी चालवायचं, घड्याळ लावून. पाणी काढून काही तासांनी पुन्हा त्याच फरश्यांवरून चालवायचं. पावलं मोठी पडायला लागली तर पाण्याला वाट करून देणाऱ्या ऑपरेशनचा, म्हणजे शंटचा, विचार होतो. आमच्या वॉर्डात नातेवाईक मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ काढून ठेवतात. उपयोगी पडतो, जरूर काढा.

त्याच वाटेने औषध आतही सोडतात. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मेथोट्रेक्झेट हे औषध असं देतात, कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या, मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या आजारावरचं नुसिनर्सेन हे औषधही असंच दिलं जातं.

आणि सिझरच्या वेळची पाठीतली सुई?

सुई तीच, वाट तीच. तिथे पाणी बाहेर न घेता भुलीचं औषध आत सोडतात. म्हणजे तुमच्या घरातल्या कुणी ना कुणी बाईने हा प्रकार आधीच अनुभवलेला आहे. सही करायला घाबरलेल्या मुलाला मी हे सांगतो, तेव्हा शेजारी बसलेली आई बहुतेक वेळा म्हणते, 'मला तर दोनदा दिली.'

आधी सीटी स्कॅन करायला सांगितलं. पैसे काढायचा प्रकार तर नाही ना?

प्रत्येकाला लागत नाही, पण काहींना लागतोच. मेंदूत मोठी गाठ, फोड किंवा एका बाजूची सूज असेल तर कवटीत दाब वाढलेला असतो. अशा वेळी खालून पाणी काढलं तर वरचा मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जाऊ शकतं. एलपीचा जिवावर बेतणारा धोका खरा हाच. म्हणून शुद्ध कमी असेल, नुकतीच फिट आली असेल, एक हातपाय कमजोर असेल, डोळ्याच्या पडद्यामागे सूज दिसत असेल किंवा एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर आधी स्कॅन.

जिवाणूंच्या मेंदूज्वराचा संशय असेल तर स्कॅनच्या रांगेत वेळ घालवून चालत नाही. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) घेऊन अँटिबायोटिक लगेच सुरू करतात आणि एलपी नंतर होते. उलटा क्रम वाटतो, पण बरोबर आहे. औषध गेल्यावर काही तासांत जंतू कल्चरमध्ये वाढेनासे होऊ शकतात. तरी पेशी, साखर आणि प्रथिन यांवरून आजार ओळखता येतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. डेंगीमुळे प्लेटलेट कमी आहेत. चालेल?

गोळ्यांचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. नुसत्या ऍस्पिरिनवर एलपी सहसा करतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि नव्या गोळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. हृदयात नुकताच स्टेंट बसवला असेल तर ती गोळी बंद करणं एलपीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर बहुतेक ठिकाणी थांबतात किंवा आधी प्लेटलेट चढवतात. पावसाळ्यात हा पेच आठवड्याला येतो: ताप, बेशुद्धी आणि प्लेटलेट ३० हजार. तेव्हा उपचार सुरू ठेवून पाणी नंतर काढणं हाच शहाणपणा. सुई घालायच्या जागी गळू किंवा जखम असेल तरीही तिथून सुई घालत नाहीत.

मणक्यात गॅप आहे, असं डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं.

'गॅप' असणाऱ्यांचीही एलपी होते. कमरेत ऑपरेशन झालं असेल, पट्ट्या-स्क्रू असतील किंवा कणा वाकडा असेल तर जागा सापडणं अवघड जातं. जुन्या फिल्म सोबत आणा. गरज पडली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफीखाली बघून करतात.

प्रत्यक्ष काय होतं, क्रमाने सांगा.

पेशंटला खाटेच्या अगदी कडेला, डाव्या कुशीवर झोपवतात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, अंगाचं पूर्ण मुटकुळं. असं केलं की मणक्यांमधल्या फटी उघडतात. काहींना बसवून, उशी कवटाळून पुढे वाकायला सांगतात. बेशुद्ध पेशंटला सिस्टर किंवा वॉर्डबॉय समोरून मानेमागे आणि गुडघ्यांमागे हात घालून धरतात. धरणाऱ्यावर अर्धं काम अवलंबून असतं. नवख्या डॉक्टरला हे कुणी पुस्तकात सांगत नाही, सिस्टर सांगतात.

मग पाठीवर गार बीटाडीन, मधे भोक असलेलं हिरवं कापड, कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन. ते चुरचुरतं. एक-दोन मिनिटं थांबून मुख्य सुई. केसाएवढी बारीक नसते, पण रक्त घ्यायच्या सुईच्या जाडीच्या आसपासच असते आणि तिच्या पोकळीत एक तार बसवलेली असते. सुई हळूहळू पुढे जाते, मग डॉक्टरच्या बोटांना टचकन काहीतरी सुटल्यासारखं जाणवतं. तार बाहेर काढायची आणि बघत राहायचं. एक थेंब फुगतो, सुईच्या मागच्या तोंडाशी थबकतो आणि पडतो. त्या थेंबाची वाट बघताना खोलीत कुणी बोलत नाही.

दाब मोजायचा असेल तर खुणांची उभी नळी जोडतात. मोठ्या माणसात पाणी साधारण ६ ते २५ सेंटिमीटरपर्यंत चढणं नॉर्मल. त्या वेळी पेशंटला पाय जरा सैल सोडायला सांगतात, नाहीतर पोट दाबल्यामुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो. मग तीन-चार बाटल्यांत थेंब मोजत पाणी. सुई काढायच्या आधी तार परत आत, सुई बाहेर, चिकटपट्टी. सगळं मिळून अर्धा तास, त्यातला बराचसा तयारीचा.

त्याच सुमारास हाताचं रक्तही साखरेसाठी घेतात. विसरले असतील तर आठवण करा, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडूनच बघावी लागते.

दुखतं का? उपाशी राहायचं का?

बधिर करायचं इंजेक्शन दुखतं, त्यानंतर दाबल्यासारखं वाटतं. बहुतेकांना सगळ्यात त्रासाचं वाटतं ते मुटकुळं करून पडून राहणं. गुंगीचं औषध देणार असतील तरच उपाशीपोटी, एरवी नाही.

बाळाला ताप आहे, पण मान तर कडक नाही. तरी एलपी?

तान्ह्या बाळांत मेंदूज्वर असूनही मान कडक नसते. दूध न ओढणं, सुस्त पडणं, एकसारखं किरकिरणं, टाळू फुगलेली, कधी अंग तापण्याऐवजी गार पडणं, एवढीच लक्षणं असतात. म्हणून महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला की डॉक्टर लवकर एलपीवर येतात. घाई वाटते, पण ती योग्य आहे. बाळाची कातडी बधिर करायला मलम असतं, तोंडात साखरपाण्याचे थेंब देतात. धरायचं काम सिस्टरवर सोडा. आई-बापाचे हात थरथरतात आणि बाळ हललं की सुई पुन्हा घालावी लागते.

पहिल्या प्रयत्नात पाणी आलं नाही. लाल आलं. शिकाऊ डॉक्टर होता का?

शिकाऊ असू शकतो, पण वाटेत एखादी बारीक शीर टोचली जाणं अनुभवी हातांतही होतं. बाटल्यांचा क्रम इथे कामी येतो. पहिली लालसर आणि चौथी स्वच्छ म्हणजे रक्त सुईचं. सगळ्या सारख्याच लाल असतील तर रक्त मेंदूभोवतीचं असू शकतं. सुईच्या रक्ताने पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो, म्हणून ५०० ते १००० लाल पेशींमागे एक पांढरी वजा धरायचा रिवाज आहे. वारंवार प्रयत्न करूनही जमत नसेल तर वरिष्ठांना बोलवा असं तुम्ही शांतपणे म्हणू शकता. त्यात कुणाचा अपमान नाही.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे?

एकेकटा आकडा वाचू नका. मोठ्या माणसात पांढऱ्या पेशी ५ पर्यंत, प्रथिन १०० मिलीमागे १५ ते ४५ मिलिग्रॅम आणि साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के, हे नॉर्मल. नवजात बाळांचे आकडे याहून जास्त असतात, त्यांना हा तक्ता लावून रात्रभर जागू नका.

पॉलिमॉर्फ आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. पाणी गढूळ, पेशी शेकडो-हजारो आणि त्याही बहुतांश पॉलिमॉर्फ, साखर तळाला: जिवाणू. पेशी काही शेकडा, बहुतांश लिम्फोसाइट, साखर कमी, प्रथिन भरपूर वाढलेलं: टीबीचा संशय. लिम्फोसाइट वाढलेल्या पण साखर जागच्या जागी: बहुधा विषाणू. ही ढोबळ चौकट आहे. टीबी सुरुवातीला विषाणूसारखा दिसतो, अर्धवट अँटिबायोटिक झालेला जिवाणूंचा मेंदूज्वर टीबीसारखा दिसतो. म्हणूनच 'गावात दोन इंजेक्शनं घेतली होती' ही माहिती लपवू नका.

टीबीसाठी सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, करतात. यंत्राचं काम दोनेक तासांचं. पॉझिटिव्ह आलं तर टीबी. निगेटिव्ह आलं तर मात्र टीबी नाही असं होत नाही, कारण पाण्यात जंतू फार थोडे असतात. जपानी मेंदूज्वरात (विदर्भातल्या काही जिल्ह्यांत तो आढळतो) विषाणू सहसा सापडत नाही, त्याविरुद्धची अँटीबॉडी पाण्यात शोधतात.

पेशींचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला दोन-तीन दिवस, टीबीच्या कल्चरला काही आठवडे. बाटल्या लॅबला न्यायला तुमच्याच हातात दिल्या तर चहाला थांबू नका. पेशी तासा-दोन तासांत विरघळायला लागतात. आणि कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, काही जंतू थंडीने मरतात.

खर्च किती?

सुई आणि साहित्य महाग नाही. पैसे जातात ते पाण्याच्या तपासण्यांत, विशेषतः विषाणूंचं मोठं पॅनेल आणि अँटीबॉडींचं पॅनेल. यातलं आज कोणतं लागणार आणि कोणतं पहिला रिपोर्ट बघून ठरणार, हे विचारा. थोडं पाणी राखून ठेवता येईल का तेही विचारा, म्हणजे पुढची तपासणी ठरली तर पुन्हा सुई घालावी लागत नाही.

नंतर डोकं दुखतं म्हणतात.

हा त्रास खरा आहे आणि त्याबद्दल आधी सांगितलं जात नाही, हे आमच्याच लोकांचं चुकतं. सुईने केलेल्या बारीक छिद्रातून पाणी आवरणाबाहेर झिरपत राहतं, दाब उतरतो आणि डोकं दुखतं. ओळखायची खूण पक्की: उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की उतरतं. एक-दोन दिवसांत सुरू होतं, बहुतेकांचं आठवडाभरात थांबतं. तरुण आणि सडपातळ बायकांना जास्त.

सुईच्या टोकावर पुष्कळ अवलंबून आहे. धारदार टोकाची नेहमीची सुई आवरण कापत जाते, पेन्सिलच्या टोकाची सुई ते बाजूला सारते. २०१८ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून आलेल्या पाहणीत डोकेदुखीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पेन्सिल टोकाची सुई थोडी महाग असते आणि वॉर्डात नेहमी ठेवलेली नसते. एलपी तातडीची नसेल तर 'पेन्सिल पॉइंट मिळेल का' असं विचारा. भुलतज्ज्ञांकडे ती बहुधा सापडते.

मग चोवीस तास सपाट पडून राहायचं ना? उशी न घेता?

हा जुना नियम अजून सगळीकडे सांगतात. पण पडून राहिल्याने डोकेदुखी टळत नाही, असंच अभ्यासांत दिसलं आहे. तास-दोन तास आराम करा, मग बरं वाटत असेल तर उठा, बाथरूमला जा, उशी घ्या. दुखायला लागलंच तर आडवं पडल्याने आराम पडतो, तेव्हा पडा. भरपूर पाणी प्यायल्याने ती टळते असं नाही, तहान असेल तेवढं प्या. पॅरासिटामॉल आणि कडक कॉफीने काहींना उतार पडतो.

आठवडा झाला तरी बसवत नसेल तर ब्लड पॅच आहे. पेशंटच्याच हाताचं थोडं रक्त घेऊन त्याच जागी, आवरणाच्या बाहेर सोडतात. ते गोठून छिद्र बुजवतं. पुष्कळांना तासाभरात फरक पडतो. सुई घालताना रक्त आलेल्या पेशंटची डोकी कमी दुखतात, असं एका सर्जनच्या लक्षात आलं आणि त्यावरून १९६० मध्ये हा उपाय निघाला.

कंबर कायमची दुखते का?

सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो. सिझरनंतर वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापर सुईवर फुटतं, पण सुई न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर तितकीच दुखताना आढळते. वाकून बाळाला पाजणं, उचलणं, ढिले पडलेले स्नायू यांकडे बघा.

हे आणि बोनमॅरो एकच का?

नाही. बोनमॅरोची सुई कमरेच्या मागच्या हाडात जाते आणि हाडातला मगज काढतात. कर्करोगाच्या मुलांचं दोन्ही एकाच दिवशी करतात, त्यामुळे गोंधळ होतो.

ही पद्धत किती जुनी?

लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनी मेंदूच्या टीबीच्या मुलांत आणि जर्मनीत कील इथे हाइनरिश क्विंके यांनी, १८९१ च्या आसपास. आजची नेहमीची सुई क्विंकेच्याच नावाने ओळखली जाते. कीललाच १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या सर्जनने पाठीतून भूल द्यायचा प्रयोग केला, स्वतःवर आणि आपल्या सहायकावर. भूल चढली का हे बघायला सहायकाच्या नडगीवर हातोडीही मारली. नंतर स्वतः बीअर कित्येक दिवस डोकं धरून पडून होता, आणि आडवं झालं की बरं वाटतं हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

आम्ही नाहीच म्हटलं तर?

तो तुमचा हक्क आहे. पेशंट शुद्धीत आणि सज्ञान असेल तर त्याचा स्वतःचा. डॉक्टर नकाराची सही घेतील आणि उपचार थांबवणार नाहीत. पण ते अंधारातले उपचार असतील: अँटिबायोटिक, असायक्लोव्हिर आणि टीबीची औषधं, सगळी एकदम. असायक्लोव्हिर किडनीला जड जातं, टीबीची औषधं लिव्हरला. महिन्याने कावीळ झाली की कोणतं औषध बंद करायचं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण मुळात कोणतं लागत होतं तेच कळलेलं नसतं. गावाकडे फोन करायचा असेल तर करा, पण तासाभरात ठरवा. 'उद्या सकाळी बघू' हे उत्तर मेंदूज्वराला चालत नाही.

घरी गेल्यावर कशासाठी परत यायचं?

पट्टी दुसऱ्या दिवशी काढा, आंघोळ करा. जागा लाल होऊन पू येत असेल, सुईच्या जागेतून पाणी ओघळत असेल, पुन्हा ताप येऊन मान आखडत असेल, डोकेदुखी आडवं झाल्यावरही तशीच राहत असेल किंवा दोन-दोन दिसायला लागलं असेल तर त्याच दिवशी या. पाठीतली कळ वाढत जाऊन पाय जड पडायला लागले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका, थेट कॅज्युअल्टीत जा आणि डिस्चार्ज कार्डवरची एलपीची तारीख पहिल्यांदा दाखवा.